बर्फावरची दोन चाकं आणि दोन फळ्या

आमच्या भागात आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपानेच. आणि येतो तोही नेमका फेब्रुवारी-मार्चात, मृग बहाराची संत्री झाडावर असताना. माझं माहेर काटोलकडचं. मी सहावीत असताना एका रात्री अशीच गारपीट झाली आणि सकाळी मी बाबांच्या मागोमाग बागेत गेले. झाडांखाली फळांचा सडा पडला होता. उचलावं त्या फळाला खोक. बुंध्यांशी अजून गारांचे ढिगारे होते. बाबांनी त्यातली एक उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि काही न बोलता पुढे चालू लागले. तेव्हापासून बर्फ म्हटलं की मला फुटलेल्या संत्र्यांचा वास येतो.

धाकटा भाऊ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला स्थायिक झाला त्याला वीस वर्षं होऊन गेली. उन्हाळ्यात मी दोनदा जाऊन आले, पण हिवाळ्यात जायचं टाळत राहिले. 2018 च्या डिसेंबरात नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. आम्ही संध्याकाळी सहालाच खिडक्या लावून शेगडीपाशी बसत होतो आणि हा फोनवर उणे 25 चं बोलत होता. ‘ताई, तू उगाच घाबरून राहिली. एकदा येऊन तर पाह्य.’ शेवटी शाळेतून निवृत्त झाले आणि 2023 च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, तिळगुळाचा डबा घेऊन पोचले. एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ‘हिमवृष्टी’ हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याला हिशेब नाही. हिमवृष्टी पाहिली ती मात्र 58 व्या वर्षी. त्या हिवाळ्यात मिनियापोलिसात 90 इंच बर्फ पडला. तिथल्या लोकांनाही तो फार वाटत होता.

हे आज लिहायला बसले त्याचं कारण माझा एक जुना विद्यार्थी. त्याला मिनियापोलिसला नोकरी लागली, पेढे घेऊन धरमपेठेतल्या घरी आला होता. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, ‘बाई, तिकडे हिवाळ्यात फिरायला स्की घेऊ की ती जाड चाकांची सायकल?’ मी दारातच दोन-तीन वाक्यांत काहीतरी सांगितलं. तो गेल्यावर मला ते उत्तर फार अपुरं वाटलं. म्हणून हे सविस्तर.

भावाच्या गॅरेजमध्ये एका भिंतीला त्याची फॅट बाइक टांगलेली असते आणि समोरच्या भिंतीला भाचीच्या स्कीच्या, म्हणजे पायांना अडकवायच्या लांब फळ्यांच्या, तीन जोड्या. भाची तिथे शाळेच्या नॉर्डिक (म्हणजे क्रॉस-कंट्री, लांब वाटांवर स्वतःच्या बळाने जायच्या) स्की टीममध्ये. मिनेसोटातल्या पुष्कळ शाळांमध्ये अशी टीम असते, आपल्याकडे कबड्डीची असते तशी. दोघांचंही म्हणणं एकच होतं, आत्याने, म्हणजे ताईने, आपल्याबरोबर यावं. मी आधी सायकलकडे गेले. स्वाभाविकच होतं ते. मी सायकल शिकले ती बाबांच्या बावीस इंची सायकलवर, कैची मारून. दांड्याखालून पाय पलीकडच्या पायडलवर, एक हात हँडलला, दुसऱ्या काखेत सीट. पुढे हाच भाऊ कॅरिअरवर बसून माझ्याबरोबर शाळेत यायचा. चाकावर तोल सांभाळणं माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्याचा वेगळा विचार कधी करावा लागला नाही.

पहिल्या सकाळी उणे 15 होतं. तळ्याच्या काठाशी भावाने सायकल उभी केली आणि चाकातली हवा सोडायला सुरुवात केली. मला वाटलं, काही बिघडलं. आपल्याकडे हवा कमी असणं म्हणजे पंक्चरची शंका. तो म्हणाला, ‘आता अंगठ्याने दाबून पाह्य.’ हातमोजा काढून दाबलं. तासभर झाकून ठेवलेली पोळ्यांची कणीक जशी बोटाखाली जाते आणि सावकाश वर येते, तसा तो टायर होता. मोटारीच्या चाकात 32 पीएसआयच्या आसपास हवा असते, रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत 80 ते 100. ह्याच्या चार इंच रुंद टायरमध्ये त्या सकाळी 6 होती. ‘हवा जास्त असली तर टायर बर्फाला कापत खाली जातो. कमी असली की पसरतो,’ तो म्हणाला. भूगोलाच्या तासाला मी उंटाच्या पसरट पायांबद्दल सांगायचे ते आठवलं.

आणि मग मी बसले आणि सायकल चालली. इतकं साधं. पायडल मारलं की चाकाखालून आवाज यायचा, कॉर्नफ्लॉवरची पुडी चिमटीत दाबल्यावर येतो तसा. फार थंडीत बर्फाचे कण एकमेकांवर घासतात तेव्हा तो असा करकरतो. थंडी थोडी कमी झाली की हा आवाजही जातो. गोठलेल्या तळ्यावर लोकांच्या आणि सायकलींच्या ये-जा करण्याने दाबली गेलेली एक वाट होती. मिनेसोटात सांगतात की पायी चालायचं तर तळ्यावर निदान चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. त्या दिवशी त्याच्या कितीतरी पट होता. तळ्याच्या मध्यावर मी थांबले. चारी बाजूंना पांढरं, पलीकडे शहराच्या इमारती, आणि मी अंबाझरीच्या बंधाऱ्यावरून चालवावी तशी सायकल चालवत तिथवर आलेली. मला रडू आलं आणि पापण्यांवर ते लगेच गोठलं. भाऊ थोडा पुढे जाऊन पाठमोरा उभा राहिला. तो लहानपणापासून असाच आहे, रडणाऱ्या माणसाकडे बघत नाही.

त्या दिवशी आम्ही आठ किलोमीटर गेलो. हे मी मुद्दाम सांगते, कारण सायकलीची खरी ताकद यात आहे. परक्या देशात, परक्या ऋतूत, पहिल्याच सकाळी तिने मला बाहेर काढलं आणि आठ किलोमीटर नेऊन आणलं. जे अंगात होतं तेच वापरायचं होतं.

तिसऱ्या दिवशी रात्रभर बर्फ पडला. आम्ही दाबलेली वाट सोडून झाडांतून जाणारी एक पायवाट धरली. शंभर पावलंही गेलो नसू, पुढचं चाक रुतलं. उतरून ढकलली, पुन्हा बसले, पुन्हा रुतलं. हवा 4 पर्यंत खाली आणून पाहिली. काही उपयोग नाही. पंधरा किलोची सायकल गुडघाभर भुसभुशीत बर्फातून ढकलत आम्ही दोन किलोमीटर परत आलो. घामाने आतले कपडे भिजले आणि थांबलं की तोच घाम अंगावर गार व्हायचा. उणे तापमानात घाम हा शत्रू आहे हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवलेलं नव्हतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर भावाने लिफाफ्याच्या पाठीवर हिशेब मांडला. तो लिफाफा मी बरोबर आणला आहे. माझं वजन 62 किलो, सायकल 15, एकूण 77. चाकात 5 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 350 ग्रॅम दाब. तेवढ्या दाबाने 77 किलो पेलायचे तर दोन्ही चाकं मिळून 220 चौरस सेंटिमीटर जागा टेकते. एका चाकाखाली तळहाताएवढी. आता पायी चालताना सगळा भार क्षणभर एका बुटावर येतो. बुटाचा तळ 200 चौरस सेंटिमीटर धरला तर 310 ग्रॅम. म्हणजे इतक्या रुंद टायरची सायकलसुद्धा बर्फावर जवळपास बुटाएवढाच दाब देते. जिथे पाय रुतेल तिथे चाकही रुतणार. इथवर भाची ऐकत होती. मग तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: स्की, 190 सेंटिमीटर लांब, साडेचार सेंटिमीटर रुंद, 855 चौरस सेंटिमीटर. एका स्कीवर 62 किलो म्हणजे 73 ग्रॅम. दोन्हींवर त्याच्या निम्मा. पेन खाली ठेवून म्हणाली, ‘आत्या, उद्या तू माझ्याबरोबर चल.’

फॅट बाइकच्या बाजूने एवढं मात्र सांगायला हवं की ही सायकल जन्मली तीच या अडचणीतून. अलास्कात 1987 मध्ये ‘इडिटाबाइक’ नावाची हिवाळी शर्यत सुरू झाली, तेव्हा लोक साध्या माउंटन बाइक घेऊन उतरले आणि बराच रस्ता त्यांनी त्या ढकलतच पार केला. मग फेअरबँक्सच्या एका सायकलवाल्याने, सायमन राकोवरने, चाकाच्या रुंद धावा बनवायला घेतल्या. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना वाळूत चालवायला रुंद टायर आणि धावा करत होता. बर्फ आणि वाळू असे दोन प्रश्न एकाच चाकापाशी येऊन भेटले. 2005 मध्ये मिनियापोलिसजवळच्या ब्लूमिंग्टनच्या ‘सर्ली’ कंपनीने ‘पग्सली’ नावाची सायकल बाजारात आणली आणि हे चाक हौशी कारागिरांच्या शेडमधून दुकानात पोचलं. भावाची सायकल त्याच घराण्यातली. ती तो ज्या मायेने पुसतो ते मला समजतं. बाबा त्यांची बावीस इंची तशीच पुसायचे.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला बाहेर नेलंच नाही. हॉलमधल्या लाकडी जमिनीवर स्की मांडल्या आणि मला मोज्यांनिशी त्यांवर उभं केलं. मग एक कागद दुमडून माझ्या पावलाखाली, स्की आणि जमीन यांच्या मध्ये सरकवला. ‘दोन्ही पायांवर सारखी उभी राह्य.’ उभी राहिले. तिने कागद ओढला, सहज निघून आला. पुन्हा सरकवला. ‘आता सगळा भार डाव्या पायावर.’ भार दिला. कागद घट्ट अडकला, निघेना.

तिथे, त्या हॉलमध्ये, मला क्लासिक स्कीइंग समजलं. स्की सपाट नसते. ती धनुष्यासारखी मधे किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर उभं राहिलं की पुढची आणि मागची टोकं टेकतात, ती गुळगुळीत असतात, घसरतात. एका पायावर पूर्ण भार देऊन खाली दाबलं की मधला भाग बर्फाला भिडतो, आणि त्या भागाला धरून ठेवणारं मेण लावलेलं असतं. त्याच्या आधाराने मागे रेटा द्यायचा आणि शरीर दुसऱ्या स्कीवर सोपवायचं. एक पाय जमिनीला धरून ठेवतो तेव्हा दुसरा वाहत असतो. तो कागद निघतो की अडकतो, सगळं त्यावर आहे. अर्धवट भार दिला तर धड पकडही नाही आणि धड घसरणंही नाही.

मेणाचं प्रकरण तर मला फारच आवडलं. भाचीच्या डब्यात छोट्या नळकांड्या, रंगारंगाच्या. कडक थंडीला हिरवं, त्याहून कमी थंडीला निळं, शून्याच्या जवळ जांभळं, त्याच्या वर लाल. ओल्या किंवा वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाला काकवीसारखं चिकट ‘क्लिस्टर’. सकाळी ती दारात जायची, चिमूटभर बर्फ उचलून बोटांत चुरडायची आणि मग रंग ठरवायची. ताज्या बर्फाच्या कणांना टोकं असतात, ती मेणात रुततात, म्हणून कडक मेण पुरतं. जुना बर्फ गोल होतो, त्याला मऊ मेण लागतं. बोटांत ज्वारीचं पीठ चोळून भाकरी जमेल की नाही ते सांगणारी माझी आई मला तिच्या उभं राहण्यात दिसली. स्कीवर मेण घासायचं आणि बुचाच्या तुकड्याने चोळून पसरायचं. तो आवाज, चर्र चर्र, अजून कानात आहे. (घसरण्यासाठी लावायच्या मेणात पूर्वी फ्लोरिनची संयुगं असायची. ती निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत, बर्फ वितळला की पाण्यात जातात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून त्यांवर बंदी घातली. भाचीच्या डब्यात त्यातलं काही नव्हतं, आणि ते तिने मला स्वतःहून दाखवलं.) ज्यांना मेणाची दगदग नको त्यांच्यासाठी मधल्या भागात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कोरलेल्या स्की मिळतात. माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी त्याच घ्याव्यात.

पहिले दहा दिवस मी स्कीवर फक्त चालत होते. खरंच, लांब पायांनी चालत होते. उतार आला की बसत होते, कारण या स्कीला डोंगरावरच्या स्कीसारखी धातूची धार नसते आणि टाच मोकळी असते. उतारावर टोकं जवळ, टाचा बाहेर, अशी पाचर करून वेग मोडावा लागतो, आणि त्यासाठी मांड्यांत जे बळ लागतं ते माझ्यात तेव्हा नव्हतं. सायकलीला दोन ब्रेक असतात, हे सुख किती मोठं आहे ते तेव्हा कळलं. भाचीला माझी घाई कळत होती. तिने एक काम दिलं: सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. आधी उजव्या, मग डाव्या. पहिल्या दिवशी डाव्या पायावर मला नऊ आकडेही झाले नाहीत. 58 वर्षं त्या पायावर चालले आणि तो इतका अनोळखी निघाला.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी आम्ही थिओडोर वर्थ पार्कमध्ये गेलो. शहराच्या पश्चिम कडेला मोठं उद्यान आहे, तिथे स्कीच्या वाटांवर दिवे असतात. यंत्राने बर्फ दाबून त्यात स्कीसाठी दोन समांतर चर काढलेले असतात, बैलगाडीच्या चाकोरीसारखे, फक्त अरुंद. मी चाकोरीत पाय घातले. डावीकडे भार, रेटा, उजवीकडे सोपवणं. डावीकडे. आणि तो एक रेटा कसा कोण जाणे पूर्ण बसला. मी उजव्या पायावर होते, डावा मागे हवेत, आणि मी काहीही न करता पुढे जात होते. पाच-सहा हात असतील. त्यात आवाज नव्हता. काठीचं टोक मागे उचललेलं, दिव्याखाली माझी सावली आधी आखूड, मग लांब. मग वेग संपला आणि मी दुसरा रेटा दिला.

सायकलवर मी बर्फावरून गेले होते. स्कीवर त्या पाच-सहा हातांत मी आणि बर्फ मिळून गेलो. मला याहून नेमकं सांगता येत नाही.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. दूध आणायला, ऑफिसला, लायब्ररीत जायचं असेल तर सायकल. याबद्दल मला शंका नाही. शहरात वाटेत मीठ टाकलेले रस्ते येतात, उघडं डांबर येतं, आरशासारखा बर्फ येतो. खिळ्यांचे टायर लावले तर सायकल हे सगळं ओलांडून जाते. स्कीला मिठाचा रस्ता म्हणजे प्रवासाचा शेवट. मात्र हातापायांची काळजी घ्यावी. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्याच आठवड्यात बधिर होऊन पांढरी पडली होती, दोन दिवस टोचत राहिली. उणे 15 ला ताशी 20 किलोमीटरचा वारा अंगाला लागला की ते उणे 24 सारखं जाणवतं, आणि सायकलवर तेवढा वारा तर आपणच तयार करत असतो. हँडलवर चढवायच्या गुबगुबीत खोळी मिळतात, ‘पोगी’ म्हणतात त्यांना. त्या घेतल्याशिवाय निघू नये. स्कीवर उलटं. हात, पाठ, पोट, मांड्या सगळं एकदम कामाला लागतं आणि दहाव्या मिनिटाला वरचं जाकीट काढून कमरेला बांधावंसं वाटतं. बोटं आपोआप ऊबेला येतात.

लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर अलास्कातच ‘इडिटारॉड ट्रेल इन्व्हिटेशनल’ नावाची शर्यत होते, 350 मैलांची आणि 1000 मैलांची. तीत पायी, स्कीवर किंवा सायकलवर कसंही उतरता येतं. वाट दाबलेली, कडक असली की सायकलवाले बाकीच्यांना कितीतरी मागे टाकतात. नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने वाट बुजली की तेच लोक सायकल ढकलत चालतात. आमच्या तिसऱ्या दिवसासारखेच, फक्त शेकडो मैल. दुसऱ्या टोकाला नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन. 1888 साली तो आणि त्याचे पाच सोबती ग्रीनलंड आडवं ओलांडून गेले ते स्कीवर. जिथे वाट कोणी दाबून ठेवलेली नव्हती. पण स्कीलाही मर्यादा आहे. उणे 20 च्या खाली बर्फ इतका कोरडा होतो की ती घसरेनाशी होते, वाळूवर फळी ओढल्यासारखी. आम्हीही एक सकाळ अशी काढली. भाची म्हणाली, ‘आज फक्त व्यायाम.’

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. सायकल घेऊन स्कीच्या चाकोरीत जाऊ नये. चाकाने किंवा बुटाने ती चाकोरी मोडली की मागून येणाऱ्याचा पाय अडकतो, आणि रात्री गोठलं की तो खड्डा दगडासारखा होतो. बहुतेक ठिकाणी सायकलींसाठी वेगळ्या वाटा असतात. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये 1973 पासून ‘अमेरिकन बर्कबायनर’ ही मोठी स्की शर्यत होते. तिचं नाव नॉर्वेच्या एका जुन्या कथेवरून आलं आहे: 1206 साली दोन योद्ध्यांनी लहानग्या राजपुत्राला वाचवण्यासाठी स्कीवरून डोंगरापलीकडे नेलं. नॉर्वेतल्या मूळ शर्यतीत आजही प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेऊन 54 किलोमीटर जातो, त्या बाळाची आठवण म्हणून. मला हे फार हृद्य वाटतं. आणि विस्कॉन्सिनच्या त्याच वाटांवर, स्कीची शर्यत आटोपली की मार्चमध्ये फॅट बाइकची शर्यत भरते. आधी स्की, मग सायकल. आमच्या गॅरेजमधल्या भांडणापेक्षा हे शहाणपणाचं आहे.

पण मी परत आले त्याच्या पुढच्या वर्षी, 2023-24 ला, मिनेसोटात हिवाळा जवळजवळ आलाच नाही. भाचीचा फोन यायचा, खिडकीतून तपकिरी गवत दाखवायची. फेब्रुवारीत त्याच वर्थ पार्कमध्ये क्रॉस-कंट्रीचा विश्वचषक टप्पा होता, अमेरिकेत वीसहून अधिक वर्षांनी. यंत्राने तयार केलेल्या बर्फावर तयारी सुरू होती आणि अगदी तोंडावर आकाशातून खरा बर्फ पडला. फोनवर ती ओरडून सांगत होती. त्या वर्षी बर्कबायनर मात्र कृत्रिम बर्फाच्या दहा किलोमीटरच्या फेऱ्यांवर भागवावी लागली. भाऊ सायकलवर ऑफिसला जात राहिला. त्याला काही फरक पडला नाही. तो हे सांगताना मुळीच खूश नव्हता.

म्हणून बाळा, व्यवहार सायकलीच्या बाजूने आहे. ती प्रत्येक हिवाळ्यात चालेल. तरीही मी तुला पहिल्या वर्षी स्की घे म्हणेन. भाड्याने मिळतात, दोन-तीन धडे घे. सायकल तुला येतेच, ती कधीही घेता येईल. तू तिथे नवा आहेस आणि नवेपणाची सवलत फार दिवस टिकत नाही. त्या काळात पडायला, दहा दिवस नुसतं चालायला, सोळा वर्षांच्या मुलीकडून एका पायावर उभं राहायला शिकायला कोणाला काही वाटत नाही. बर्फ बोटांत चुरडून बघायची सवय त्याच काळात लागते. सायकलवर मी बर्फाला कधी हात लावला नव्हता.

इथे परत आल्यावर शेजारच्या मुलाने फॅट बाइक घेतली. नागपुरात आता अशा बऱ्याच दिसतात. टायर मात्र सगळ्यांचे टणक फुगवलेले. पंक्चरवाला तेच बरोबर समजतो. मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी त्या मुलाला आणि त्याच्या सायकलीला घेऊन मी कन्हानच्या पात्रात गेले. कोरड्या वाळूत चाक चार फूटही जाईना. मी त्याला खाली बसवलं आणि हवा सोडायला लावली. तो घाबरला, ‘काकू, रिम बसेल.’ थोडी, अजून थोडी. मग अंगठ्याने दाबायला सांगितलं. त्याने दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. पाण्याच्या कडेची ओलसर वाळू धरून तो निघाला, पाण्यातले बगळे उडाले, आणि तो पुलाच्या खांबांपर्यंत जाऊन वळला. मी त्याच्या चाकाच्या खुणेशेजारी पाऊल टाकून पाहिलं. दोन्ही खुणा सारख्याच खोल होत्या.

भाचीचा दुमडलेला कागद माझ्या आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला आहे. येत्या जानेवारीचं तिकीट काढलं आहे. रोज सकाळी दात घासताना मी गॅलरीत एका पायावर उभी राहते. समोरच्या झाडावर धनेशाची जोडी येते, तिच्याकडे नजर ठेवली की तोल जात नाही. काल डाव्या पायावर 70 आकडे झाले.